राष्ट्रीय राजकारणावरील प्रकट मुलाखत निःपक्षपातीपणे कशी घ्यावी?

ग्रंथसखा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या ठिकाणचे सार्वजनिक वाचनालय दर हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवते. यंदा त्यातील एक सायंकाळ संसदीय राजकारणाला द्यावी आणि भाषणाऐवजी एखाद्या आजी किंवा माजी खासदाराची प्रकट मुलाखत घ्यावी, असा विचार कार्यकारी मंडळात पुढे आला आणि तिथेच मतभेद झाले. वाचनालयाला शासकीय अनुदान मिळते, सभासदांमध्ये सर्व पक्षांना मानणारी कुटुंबे आहेत, आणि एका पक्षाचा माणूस मंचावर बसला की संस्था त्या पक्षाची झाली असे गावात बोलले जाईल, ही भीती निराधार नाही. काहींना दोन पक्षांचे दोन पाहुणे एकाच वेळी हवे आहेत. काहींच्या मते राजकारणी नकोच, निवृत्त सनदी अधिकाऱ्याला बोलवावे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. सार्वजनिक प्रश्नांवर जाहीरपणे बोलण्याची इतकी जुनी परंपरा असताना विषयच टाळणे मला पटत नाही. त्यातच, ज्यांच्याशी प्राथमिक बोलणे झाले त्या खासदारांच्या स्वीय सहायकांनी सर्व प्रश्न आधी लेखी मागितले आहेत. ते द्यावेत का? आणि आपण निःपक्षपाती आहोत हे नेमके कशावरून ठरवावे?

दक्षिणकाठ

प्रश्न जरूर द्यावेत, मात्र सगळे देऊ नयेत. लोकसभेत तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात अशा प्रश्नाची, सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते आणि मंत्री खात्याकडून तयार उत्तर घेऊन येतात. खरा कस लागतो तो त्यावरच्या पुरवणी प्रश्नांवर, कारण त्यांची पूर्वसूचना नसते. आपणही तसेच करावे. ज्यांच्या उत्तरासाठी आकडे किंवा कागद पाहावे लागतील असे मुख्य प्रश्न आधी पाठवावेत आणि पुरवणी प्रश्न आयत्या वेळी विचारले जातील, असे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. खासदाराला ही रीत अपरिचित नाही, त्यामुळे ती नाकारणे त्यांना जड जाते.

विषय मात्र ‘देशाचे आजचे राजकारण’ असा मोघम ठेवू नका, कारण मग पाहुणे प्रचाराचे भाषणच तुकड्यातुकड्यांनी करतात. पक्षांतरबंदीसारखा नेमका विषय घ्यावा. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतर करणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणारे दहावे परिशिष्ट राज्यघटनेत आले, 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांनी एकत्र फुटण्याला असलेले संरक्षण गेले, आणि पक्षादेश (व्हिप, म्हणजे कसे मतदान करावे याचा पक्षाचा आदेश) झुगारून मतदान करणाऱ्या खासदाराची जागा आजही धोक्यात येते. पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती मर्यादित ठेवावी, अशी शिफारस निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच केली होती. ‘एखाद्या विधेयकावर आपल्या मतदारांचे मत आणि पक्षादेश परस्परविरोधी असतील, तर आपण काय कराल, आणि आजवर तसे कधी घडले का?’ हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या खासदाराला जसाच्या तसा विचारता येतो. पाहुणा बदलला तरी प्रश्नातला शब्द बदलावा लागू नये, ही माझी कसोटी आहे.

शब्दवेध

वरील कसोटी मला अर्धीच मान्य आहे. तोच प्रश्न सत्ताधाऱ्याला आणि विरोधकाला सारखाच अडचणीचा ठरतो असे नाही. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला निर्णयाचा जाब विचारायला हवा, आणि जो विरोधात आहे त्याला तो किंवा त्याचा पक्ष सत्तेत असताना, अथवा आज ज्या राज्यात सत्तेत आहे तिथे, कसा वागला हे विचारायला हवे. शब्द वेगळे होतील, पण तयारी सारखीच कसून झालेली असावी. ही तयारी वर्तमानपत्री कात्रणांवर न करता मूळ नोंदींवर करावी. लोकसभेतील भाषणे आणि प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतात आणि उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाकडे पाहायला मिळते. ‘लोक म्हणतात की आपण…’ अशी सुरुवात झाली की पाहुण्याला निसटायला वाट मिळते. ‘अमुक तारखेला सभागृहात आपण असे म्हणालात’ या सुरुवातीपुढे ती राहत नाही.

दोन पाहुणे एकाच मंचावर बसवण्याच्या मी विरोधात आहे. दोघेही समोरच्या प्रश्नाला सोडून शेजारच्या माणसाला उत्तरे देऊ लागतात आणि मुलाखतकार केवळ वेळ मोजत बसतो. दोन स्वतंत्र सायंकाळी दोन मुलाखती ठेवाव्यात. एकाने नकार दिला तर काय, हा प्रश्न राहतोच. मे 2024 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर आणि अजित शहा यांनी ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांच्यासह नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले होते. राहुल गांधींनी तयारी दाखवली, पण ती चर्चा झाली नाही. इतक्या मोठ्या नावांच्या निमंत्रणाची ही गत होत असेल, तर आपण नकार गृहीत धरूनच आखणी करावी. निमंत्रणाची पत्रे सर्वांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची जावीत आणि ती सूचना फलकावर लावावीत. गैरहजर पाहुण्याच्या नावाची रिकामी खुर्ची मात्र मंचावर मांडू नये. ती खुर्ची म्हणजे संस्थेने त्या व्यक्तीविरुद्ध केलेले विधानच ठरते.

कलमनवीस

एक कायदेशीर बाब सांगतो. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच आचारसंहिता लागू होते, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 126 नुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या 48 तासांत निवडणुकीसंबंधी जाहीर सभा घेता येत नाही. त्या काळात उमेदवार मंचावर असेल तर सभागृहाचा आणि जाहिरातीचा खर्च त्याच्या निवडणूक खर्चात धरला जाण्याचा प्रश्न उद्भवू शकतो. म्हणून तारीख निवडणुकीपासून दूर ठेवावी, आणि कोणत्याही इच्छुकाकडून किंवा त्याच्या पतसंस्थेकडून प्रायोजकत्व घेऊ नये.

मंचामागे

मी अशा मुलाखतींचे सूत्रसंचालन बरीच वर्षे करत आलो आहे. विश्वास तुटतो तो बहुतेक वेळा श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांवरून. एका कार्यक्रमात चिठ्ठ्या विंगेत नेऊन निवडल्या गेल्या. शेतमालाच्या निर्यातबंदीविषयीची चिठ्ठी वाचली गेली नाही, आणि ती लिहिणारे गृहस्थ नंतर आयोजकांच्या कोणत्याही कार्यक्रमाला आले नाहीत. तेव्हापासून मी चिठ्ठ्या सर्वांसमोर एका डब्यात घालून एखाद्या विद्यार्थिनीला त्या काढायला सांगतो. शिवीगाळ किंवा खासगी आरोप असेल तरच चिठ्ठी बाजूला ठेवतो, आणि तसे मंचावरून सांगतो. पहिल्या दोन रांगा राखीव ठेवू नका. त्यांत कार्यकर्ते बसतात आणि टाळ्यांची दिशा तेच ठरवतात. सत्कार शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक देऊन वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदाच्या हस्ते करावा, आणि अध्यक्षीय समारोप ठेवूच नये, कारण पाहुण्याच्या उत्तरांवर शेवटचा शेरा मारण्याचा अधिकार आयोजकांकडे असता कामा नये.

ग्रंथसखा

सर्वांचे मनापासून आभार. पक्षांतरबंदी हाच विषय आणि दोन स्वतंत्र सायंकाळी दोन मुलाखती, असा प्रस्ताव मी येत्या बैठकीत मांडणार आहे. मुख्य प्रश्न आधी पाठवणे आणि पुरवणी प्रश्न राखून ठेवणे, ही अट निमंत्रणपत्रातच घालतो. एक शंका उरते: मुलाखतकार गावातीलच असावा की बाहेरचा? आमच्याकडचे निवृत्त प्राध्यापक अभ्यासू आहेत, परंतु त्यांचे बंधू एका पक्षाचे पदाधिकारी आहेत.

मंचामागे

प्राध्यापकांनाच घ्यावे, नाते लपवू नये. प्रास्ताविकात ते स्वतःच सांगू देत, आणि प्रश्नावली त्यांच्यासोबत दुसऱ्या विचाराच्या एका सभासदाने बसून तयार करावी.