मदत हवी आहे: ट्रकचा इनटेक एअर हीटर (इंजिनात जाणारी हवा तापवणारी जाळी) गेलाय की नुसता रिले (त्याला करंट देणारा स्विच)?

मंडळी, गाडी सहाचाकी, २४ व्होल्ट, सहा सिलिंडर, कॉमन रेल. मिरकरवाड्यातून मासळी भरून कोल्हापूरला जाते. रत्नागिरीत चावी मारली की लगेच स्टार्ट. पण थंडीत आंबा घाट चढून वर मुक्काम पडला की पहाटे रडारड. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. पकडलं की डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर. चेक लाइट लागलाय, स्कॅनरवर कोड हीटर सर्किटचा.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, अख्खा हीटर बदला. आमचे मिस्त्री म्हणतात, कोकणात हीटर हवाय कशाला, वायर काढून टाक.

चावी ऑन केली की रिले टक् करतो. त्या वेळी रिलेच्या बॅटरीकडच्या स्टडवर (वायर जोडायच्या बोल्टवर) २३.६ व्होल्ट, हीटरकडच्या स्टडवर १७.९. वायर सोडवून हीटर मोजला तर मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो. म्हणजे शॉर्ट का? रिले चॅसिसवर, बर्फाचं खारं पाणी तिथेच गळतं. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) हिरवं-पांढरं चढलंय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: शॉर्ट नाही. जाळीचा हीटर मुळात एक ओहमच्या आतलाच असतो, साध्या मीटरला तो शून्यच दिसणार. तुमचा चोर रिलेत आहे. लोड चालू असताना दोन स्टडमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत फरक हवा, तुमच्याकडे पावणेसहा जातायत. नुसत्या 'टक्'वर जाऊ नका. कॉइल ओढते, पण करंट जोडणारे आतले पॉइंट जळालेले असतात. आधी थिंबल घासून पुन्हा मोजा, फरक तसाच राहिला तर रिले बदला. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून हीटरच्या बॉडीपर्यंतही मोजा, अर्थिंगलाही तेच खारं पाणी लागतंय.

पहाटे इंजिन गार असताना स्कॅनरवर कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, नाहीतर सेन्सर खोटं बोलतोय. वायर काढलीत तर रत्नागिरीत चालेल, पण कोड जाणार नाही आणि घाटावर धूरही.

आणि एक, घाटावर कुणी ईथरचा स्प्रे किंवा पेट्रोलचं फडकं इनटेकला लावायला आला तर हाकलून द्या. जाळी लाल असते, तिथेच भडका उडेल.

धागाकर्ता: थिंबल घासले, फरक साडेपाचवर. रिले मागवतोय. केबिनमध्ये बसवला तर पाण्यापासून सुटेल ना?

प्रतिसाद: नको. केबल लांबली की व्होल्टेज पुन्हा पडणार, आणि हीटर शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो. जागा तीच ठेवा, वर पत्र्याचं झाकण करा, नट आवळल्यावर पेट्रोलियम जेली चोपडा. २४ व्होल्टचाच, तेवढ्याच अँपिअरचा घ्या. हीटरच्या स्टडचा नटही बघा. तो ढिला असला तर तिथेच तापून जळतो.