अनुभव धागा : दिव्यांग मुलांचे शिक्षण आणि शाळेकडे केलेले लेखी अर्ज

माझा मुलगा स्वमग्न आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी गेलो तेव्हा पुण्यातल्या एका शाळेने, "तो विशेष शाळेत जास्त रमेल, इथे त्याचेच हाल होतील," असे सांगून आमची बोळवण केली. हे सारे अत्यंत गोड शब्दांत आणि तोंडी झाले. पुढे ज्या ज्या पालकांशी बोलले, त्यांनीही हेच सांगितले की नकार कधी कागदावर येत नाही. म्हणून, आपल्या मुलासाठी तुम्ही शाळेकडे लेखी काय मागितले आणि त्याचे पुढे काय झाले, हे येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. शाळेचे किंवा व्यक्तीचे नाव कृपया देऊ नये.

सुरुवात मी करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 31 नुसार, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. कलम 16 प्रमाणे शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला प्रवेशात भेदभाव करता येत नाही. आम्ही एका पानाच्या अर्जात ही दोन कलमे नमूद करून, प्रवेश नाकारत असाल तर कारण लेखी द्यावे, एवढेच मागितले. कार्यालयात पोच द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. त्यानंतर मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतले आणि मुलाला नेमके काय जड जाते, हे प्रथमच विचारले. मधल्या सुट्टीची घंटा वर्गाच्या दाराशीच वाजते आणि तो आवाज त्याला सोसत नाही, असे मी सांगितले. आता बाई घंटेच्या आधी त्याच्या बाकावर दोन बोटे टेकवतात आणि तो कान झाकून घेतो. यासाठी शाळेला एक रुपयाही खर्च आला नाही.

एक वडील, सातारा जिल्हा

आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी असून ती वॉकर घेऊन चालते. शाळेत उतार बांधलेला होता, त्यामुळे तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाचे समाधान होत असे. मात्र स्वच्छतागृहाचे दार इतके अरुंद होते की वॉकर आत जात नसे. मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही, हे तिच्या आईच्या लक्षात आले ते रोज भरलेली परत येणारी बाटली पाहून. आम्ही दाराची आणि वॉकरची रुंदी मोजून, दोन्ही मापे लिहून अर्ज मुख्याध्यापकांना दिला आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली. "गैरसोय होते" असे मोघम लिहिले असते तर तो कागद फाईलमध्येच राहिला असता, असे माझे ठाम मत आहे. मापे असल्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीला काय करायचे ते कळले. दार रुंद झाले आणि आत धरायला दांडीही बसली.

एक आई, मुंबई

मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनात किंवा गणितात विशिष्ट अडचण, आहे. 2016 च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे, तरीही "अभ्यास करत नाही" हाच शेरा आम्ही वर्षानुवर्षे ऐकला. दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळाला. या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या तपासण्यांना फार वेळ लागतो, म्हणून आठवी-नववीतच सुरुवात करावी, हे मात्र कळकळीने सांगते.

एक आई, न्यू जर्सी

येथील अनुभव थोडक्यात लिहिते, कारण वर लेखी नकाराचा विषय निघाला आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार पालकांनी विशेष शिक्षणाची एखादी सेवा मागितली आणि ती नाकारायची असेल, तर सरकारी शाळेला तसे कारणांसह लेखी कळवावेच लागते. माझ्या मुलीची वाचा-उपचाराची वेळ वाढवण्यास नकार मिळाला, तेव्हा त्या पत्रातील कारणेच घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो आणि त्यांतील प्रत्येकावर बोललो. घरी मराठी बोलणे बंद करा, हा बैठकीत तोंडी मिळालेला सल्ला लेखी द्यायला मात्र कोणी तयार झाले नाही. आम्ही मराठीच बोलतो.

एक विशेष शिक्षिका, मराठवाडा

मी समग्र शिक्षा अभियानात, म्हणजे सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत, काम करते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील निकालानंतर केंद्र शासनाने 2022 मध्ये ठरवले. प्रत्यक्षात माझ्याकडे इतक्या गावांतील शाळा आहेत की एका मुलापाशी पुन्हा पोहोचेपर्यंत त्याचा मागचा धडा विसरलेला असतो. पालकांना वाटते की बाई येऊन जातात म्हणजे काम होते आहे, आणि ते मागणी करत नाहीत. मी अहवालात शिक्षक कमी असल्याचे लिहिते, तेव्हा ती कर्मचाऱ्याची तक्रार ठरते. तेच पालकाच्या सहीने आले की त्याला आवक क्रमांक पडतो आणि उत्तर द्यावे लागते. म्हणून भेटीच्या दिवशी मी काय शिकवले, हे मुलाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवते. दोन तारखांमधले अंतर पालकांनी अर्जात लिहावे. लिहिता न येणाऱ्या पालकांचा अर्ज मी शाळा सुटल्यावर त्यांच्या शब्दांत उतरवून देते आणि अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून गावातल्या कोणाची तरी सही घेते.