बिनकाटेरी ब्लॅकबेरीला फुले आली नाहीत. फांद्या छाटाव्यात का?

प्रश्न:
परसबागेत गेल्या हंगामात बिनकाटेरी ब्लॅकबेरीची तीन रोपे लावली. बुंध्यातून उंच, निरोगी फांद्या फुटल्या, परंतु एकही फूल आले नाही. सगळ्या फांद्या जमिनीलगत छाटल्यास झाड नव्या जोमाने फुटेल, असे मला सुचवण्यात आले आहे. तसे करावे का? शिवाय एका रोपापासून हातभर अंतरावर जमिनीतून काटेरी फुटवा वर आला आहे. तो कशामुळे आला असावा?

प्रतिसाद १:
कृपया त्या फांद्यांना हात लावू नका. ब्लॅकबेरीची मुळे वर्षानुवर्षे जगतात, पण प्रत्येक फांदीचे आयुष्य दोनच वर्षांचे असते: पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी तिच्यावर फुले-फळे धरतात आणि फळे संपली की ती वाळून जाते. म्हणजे आज ज्या फांद्या छाटण्याचा विचार आहे, त्यांच्यावरच येत्या हंगामाचे पीक यायचे आहे. जमिनीलगत कापायच्या त्या फळ देऊन झालेल्या फांद्या. त्यांची साल तपकिरी व खरखरीत झालेली असते, तर त्याच वर्षीचा फुटवा हिरवा आणि लवचीक असतो. 'प्राइम-आर्क फ्रीडम'सारख्या मोजक्या जाती पहिल्याच वर्षी शेंड्याकडे फळतात, तो अपवाद समजावा.

'नावाहो'सारख्या ताठ वाढणाऱ्या जातीचा नवा फुटवा साडेतीन ते चार फुटांचा झाला की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. त्या हिवाळ्याच्या अखेरीस दीड फुटापर्यंत आखूड कराव्यात. 'ट्रिपल क्राउन' किंवा 'चेस्टर' असेल, तर तारांचा आधार हवाच.

प्रतिसाद २:
काटेरी फुटव्याविषयी. 'थॉर्नलेस एव्हरग्रीन'सारख्या काही जुन्या जातींत काटे नसण्याचा गुण फक्त बाहेरच्या पेशीथरात असतो. मुळांवरचा फुटवा आतल्या थरांतून निघतो, त्यामुळे तो काटेरी येतो. कुदळीने मुळे दुखावली की असे फुटवे वाढतात. 'नावाहो', 'ट्रिपल क्राउन' यांच्यात हा गुण संपूर्ण झाडात असल्याने, तिथे काटेरी रोप दिसले तर ते बहुधा पक्ष्यांनी टाकलेल्या बियांचे असते. दोन्ही बाबतींत ते नुसते कापू नये, कारण ते पुन्हा फुटते. मुळासकट खणून काढावे. नवी रोपे हवी असल्यास मुळांचे तुकडे लावण्यापेक्षा, उन्हाळा सरताना फांदीचा शेंडा वाकवून तीन-चार इंच मातीत दाबावा. त्याला मुळे फुटतात आणि काटे येत नाहीत.

प्रतिसाद ३:
दुसऱ्या वर्षीही फुले आली नाहीत, तर जात आणि हवामान यांचा मेळ तपासावा. फुलोरा नीट येण्यासाठी हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालचे ठरावीक तास मिळावे लागतात. 'नावाहो'ला ते सुमारे ८०० ते ९०० लागतात, 'नॅचेझ'चे सुमारे ३०० तासांत भागते. सौम्य हिवाळ्याच्या जागी 'नावाहो'चा आग्रह धरू नये. आपली जात कोणती आहे, ते कळवल्यास अधिक नेमके सांगता येईल.