सल्ला हवा: निम्मे वर्गात, निम्मे ऑनलाइन, तास मात्र एकच

खडूफळा
नमस्कार मंडळी. साथीमुळे या सत्रात आमची निम्मी मुलं वर्गात अंतर राखून बसणार, निम्मी घरून बघणार. विषय संख्याशास्त्र, फळ्याशिवाय माझं पान हलत नाही. लिंकांच्या याद्या ढिगाने आल्यात, त्या चाळायला वेळ नाही. स्वतः वापरलेलं काही असेल तर सांगा.

मागचा_बाक
आधी आवाजाचं बघा, बाकी सगळं नंतर. मास्कमधून शब्द तसेही दबके येतात, त्यात तुम्ही फळ्याकडे वळलात की लॅपटॉपच्या माइकला काही पोचत नाही. कॉलरला लावायचा माइक घ्या. वर्गातली मुलं त्याच मीटिंगमध्ये येणार असतील तर त्यांचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमत राहतो. वर्गात कोणी प्रश्न विचारला की तो तुम्ही मोठ्याने परत म्हणायचा. घरच्यांना तो ऐकूच आलेला नसतो.
कॅमेरा फळ्यावर रोखू नका, अक्षरं लागत नाहीत. टॅब्लेटवर लिहा, तेच प्रोजेक्टरवर आणि तेच स्क्रीन शेअरवर. टॅब्लेट नसेल तर फोन स्टँडला अडकवून खाली कागदावर रोखा. मी अजून तसंच करतो, छान चालतं.

टिपणवही
आवाजाबद्दल सहमत. पण दोन्हीकडे एकाच वेळी शिकवायचं म्हणजे दोन दगडांवर पाय. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रायन बीटी यांचं हायफ्लेक्सवरचं (कसं शिकायचं ते विद्यार्थ्याने निवडायची पद्धत) पुस्तक एडटेक बुक्स या साइटवर फुकट वाचता येतं. त्यांच्या पद्धतीत वर्ग आणि थेट ऑनलाइन याबरोबर आपापल्या वेळेने शिकायची तिसरी वाटही आहे. नुसता कॅमेरा लावला की हायफ्लेक्स झालं, असं कॉलेजातले वरिष्ठ समजतात, ते सोडा.
माझा सल्ला: सिद्धांत आधीच रेकॉर्ड करून टाका आणि तासाला फक्त गणितं घ्या. व्हिडिओ छोटे ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंवर २०१४ साली अभ्यास झाला होता, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलांचं लक्ष सर्वांत जास्त धरून ठेवतात असं दिसलं. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ, फुकट आहे.

सरासरी_माणूस
संख्याशास्त्रवाले आहात म्हणून खास: ब्राऊन युनिव्हर्सिटीत तयार झालेली 'सीइंग थिअरी' ही संख्याशास्त्र चित्रांतून दाखवणारी साइट उघडा. मध्यवर्ती मर्यादा प्रमेय (नमुना मोठा होत गेला की सरासऱ्यांचं वितरण घंटेच्या आकाराकडे जातं) शिकवताना मूळ वितरण तिरकं, म्हणजे एका बाजूला झुकलेलं घ्यायचं, नमुन्याचा आकार वाढवत न्यायचा आणि मुलांना आधी विचारायचं, आता आकृती कशी दिसेल? वर्गातले हात वर करतात, घरचे पोलमध्ये उत्तर देतात. हा एकच प्रसंग असा, की दोन्ही गट खरोखर एका वर्गात असतात. पुस्तकासाठी ओपनस्टॅक्स, तिथे पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात.
परीक्षेसाठी आर या संगणक भाषेतलं 'एक्झाम्स' पॅकेज बघा. प्रश्न तोच, पण प्रत्येकाला आकडे वेगळे, आणि सगळं मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत चढवता येतं. पहिल्यांदा बसवायला डोकेदुखी आहे, नंतर मात्र उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरली तरी फिरू देत.

खडूफळा
सगळ्यांचे आभार, माइक मागवतो. एक राहिलं: शिकवताना चॅट कोण बघणार? माझ्याने दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

मागचा_बाक
वर्गातल्याच एका मुलाला बसवा, दर तासाला वेगळा. त्याने बिनधास्त मध्येच थांबवायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून ठेवा. नाहीतर बिचारा तोंड उघडत नाही.