शुगर असताना कॉफी आन् फल्लीदाणे: किती, कसे?

कपाशीवाला (दर्यापूर): बाबांना शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. सकाळी ६ वाजता पाऊचची कॉफी अन् दोन टोस्ट घेऊन वावरात जातात, जेवण थेट ११ वाजता. मधे ८ वाजता मोजली तर २१० च्या वर. कॉफी बंद करायची का? टोस्टऐवजी फल्लीदाणे चालतील का? घरी पोतंभर आहेत.

मेळघाटी: कॉफीवर आळ घेऊ नका, आधी पाऊचची मागची बाजू वाचा. तयार मिश्रणात बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचंच असतं. साधी इन्स्टंट कॉफी घ्या: सपाट एक छोटा चमचा, १०० मिली पाणी, ५० मिली दूध. दुधातली साखर अडीच ग्रॅमच्या आसपास, ती चालते. वरून गूळ नको. शुगर त्यानेही साखरेसारखीच चढते. टोस्ट तर मैदाच.

काहींची शुगर नुसत्या कॅफिननेही थोडी वर जाते. पहाटे ती तशीही चढते, म्हणून तुलना करा: एक दिवस फक्त कोमट पाणी, दुसऱ्या दिवशी बिनदुधाची फिक्की कॉफी, दोन्ही दिवशी आधी आणि तासाभराने मोजा. कॉफीच्याच दिवशी जास्त चढली तर जेवणानंतर प्यायची. ही मोजणी घरीच करा, उपाशीपोटी वावरात जाऊन नाही.

दाणेवाली ताई: ३० ग्रॅम दाणे, म्हणजे बंद मुठीत मावतील तेवढे, पसाभर नव्हे. त्यात कर्बोदकं ५ ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं ७-८, पण उष्मांक १७० च्या घरात. कढईत बिनतेलाचे, मंद आचेवर १०-१२ मिनिटं भाजा. काजूत तेवढ्याच वजनाला कर्बोदकं ९ ग्रॅमपर्यंत जातात. चिक्की म्हणजे दाण्यांच्या नावाखाली गूळ.

पोतं जमिनीवर ठेवलं असेल तर आधी दाणे निवडा. बुरशीचे, काळपट, सुकून आकसलेले फेका. कडू लागला की थुंका. बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही.

स्ट्रिपवाला: भाऊ, खरी गोम गोळीत आहे. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या पोटभर जेवणासोबत घ्यायची असते. आता ती ६ वाजता घेत असतील, तर साखर अन् टोस्ट एकदम काढून मूठभर दाण्यांवर डवरायला गेले की शुगर उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. बदल करण्याआधी गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारा. ७० च्या खाली गेली तर दाणे किंवा दुधाची कॉफी नको, चरबीने साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. साखरेची पुडी खिशात पाहिजेच.

अन् मोजण्याआधी हात धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ लागला असेल तर आकडा फुगतो. स्ट्रिपचा डबा मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका, ३० अंशांच्या वर स्ट्रिपा बिघडतात.

कपाशीवाला: गोळी ६ वाजताच घेतात. उद्याच डॉक्टरांना विचारतो.