खाऱ्या पाण्याचा टँक: समुद्रातून पकडलेले मासे घ्यावेत का?

खारेदाणे:
मंडळी, कोथरूडला राहतो. अडीच फुटी टँक आहे, आजवर गोड्या पाण्यातल्या गप्पी-मॉली सांभाळल्या. आता लेकीला खाऱ्या पाण्यातले मासे हवेत. बजेट सगळं धरून ४० हजार, वर एक रुपया नाही. दुकानदार क्लाऊन (तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा) आणि ब्लू टँग (निळा, चपटा) दाखवतोय. कुठून आणले विचारलं तर म्हणाला, "चेन्नईहून." पण चेन्नईला कुठून आले? प्रवाळातून मासे उपसतात असं वाचलं आणि पाय अडखळला. घ्यावेत का? घ्यायचे तर कोणते?

टँकोबा:
आधी चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र घ्या, मासे नंतर बघा. एप्रिलमध्ये धायरीत माझ्या टँकचं पाणी ३२ वर गेलं होतं. माझा चिलरच ४५ हजारांचा आहे. सहा फुटी टँक, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्कीमर जर्मन. येऊन बघा कधी.

खारेदाणे:
बजेट ४० आहे हो. सगळं धरून.

मावशी_कर्वेनगर:
ब्लू टँग अजिबात नको. भाच्याने आणला होता. महिनाभर मजेत खात होता, एका सकाळी आडवा. दुकानदार म्हणे तुमचं पाणी खराब. मासा त्याचा, पैसे आमचे, खापरही आमच्यावरच.

प्रवाळवेडा:
मावशी, दोष पाण्याचा नसेलही. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून सोडियम सायनाइडचं द्रावण पिचकारीने प्रवाळाच्या कपारीत मारतात. मासा गुंगतो, मग उचलायचा. तो दुकानापर्यंत जगतो, तुमच्या घरी येऊन मरतो. आणि ज्या कपारीत द्रावण गेलं तिथलं प्रवाळ पांढरं पडतं ते वेगळंच. खारेदाणे, गोड्या पाण्यातले बहुतेक मासे पैदास केलेले असतात, खाऱ्यातले बहुतेक थेट समुद्रातून येतात. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही.

पेठेतला_आता_हवाईत:
सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. इथे हवाईत कोना किनाऱ्यावर पाणबुडे जाळ्याने यलो टँग (ब्लू टँगचा पिवळा भाऊबंद) पकडायचे, सायनाइड नाही. २००० च्या सुमारास किनाऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पकडीला बंद केला, तर त्या भागात यलो टँग वाढले. मोजलेलं आहे. तरी २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पर्यावरण अहवालाशिवाय परवाने नाहीत असं सांगितलं. भांडण अजून चालूच आहे.

प्रवाळवेडा:
वाढले कुठे? जिथे पकड बंद होती तिथे! माझाच मुद्दा झाला की. आणि बांगाई कार्डिनल हा मासा बघा. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपाशीच तो मूळचा. नर अंडी तोंडात धरतो, पिल्लं तिथेच वाढतात, प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. एक खडक रिकामा केला की बाहेरून भर पडत नाही. २००७ पासून आययूसीएनच्या जागतिक संकटग्रस्त यादीत आहे आणि इकडे दुकानात जोडी मागा, मिळते.

मालवणचो_झील:
पुण्यात बसान समुद्र वाचवतले! अहो, १९९८, २०१० आणि २०१६ ला लक्षद्वीपचं प्रवाळ पाणी तापून पांढरं पडलं. ते काय कुणाच्या टँकपायी? ट्रॉलरवर दोन शब्द लिहा. हातजाळ्याने चार मासे धरणाराच सगळ्यांना दिसतो. त्याला मासा जिवंत ठेवण्यात पैसे मिळाले तर तोच खडक राखेल.

जुनाजाणता:
क्लाऊन विकायला बंदी आहे. २०१७ चा नियम आहे, वाचा जरा.

प्रवाळवेडा:
काका, ते नियम नंतर मागे घेतले. बंदी आहे ती कठीण प्रवाळावर. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. लाइव्ह रॉक (टँकमध्ये ठेवायचा समुद्रातला जिवंत दगड) म्हणून कुणी प्रवाळाचा तुकडा गळ्यात मारला तर मासा राहील बाजूला, वनखातं दारात येईल. सिरॅमिकचे दगड घ्या.

टँकोबा:
माझा लाइव्ह रॉक इंडोनेशियाचा आहे. पूर्वीचा.

शून्य_नायट्राइट:
मुद्द्यावर येऊ का? अडीच फुटात टँग नाही, तो वाढून फूटभर होतो. हॅचरीच्या, म्हणजे पैदास केंद्रातल्या क्लाऊनची जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमला त्यांची पैदास बसवलेली आहे, समुद्रातला घ्यायची गरजच नाही. दुकानात समोर पेलेट (खाद्याच्या गोळ्या) टाकायला सांगा. हॅचरीचा लगेच तुटून पडतो, समुद्रातला बहुतेकदा बिचकतो. पट्टे वाकडेतिकडे किंवा अर्धवट असतील तर हॅचरीचा असायची शक्यता जास्त. क्लाऊन समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो तो ॲनिमोन टँकमध्ये लागत नाही. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट, घनता १.०२५, आणि मासे आणायच्या आधी महिनाभर टँक नुसता चालवा. चिलरऐवजी दोन पंख्यांचा वारा पाण्यावर सोडा. पाणी वाफ होऊन उडतं, रोज वरून साधं आरओ घाला, मीठ नाही.

अलिबाग_रिटर्न्स:
सॉल्ट कशाला? आम्ही मांडव्याहून कॅन भरून आणतो. फुकट!

शून्य_नायट्राइट:
जेटीजवळचं? डिझेलचा तवंग पण फुकटच.

मावशी_कर्वेनगर:
टँग नको हे मी आधीच सांगितलं होतं.

जुनाजाणता:
क्लाऊनला +१. हॅचरीचेच घ्या.

खारेदाणे:
सगळ्यांचे आभार. तीन दुकानं फिरलो. प्रत्येकजण म्हणतो "हॅचरीचेच आहेत साहेब", कागद एकाकडेही नाही. एका ठिकाणी पेलेट टाकायला लावले, क्लाऊन कोपऱ्यात जाऊन बसला. चौथा दुकानदार सरळ म्हणाला, डोमिनो डॅमसेल नावाचे छोटे काळे मासे आहेत, समुद्रातलेच, रामेश्वरमकडचा कोळी हातजाळ्याने पकडतो, फोन लावून देऊ का? लावला. माणूस बोलला, कुठे पकडतो तेही सांगितलं. तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर, म्हणाला. लेकीलाही काळ्यावरचे पांढरे ठिपके आवडले. दोन सांगून ठेवलेत. टँक आधी महिनाभर चालवतो.

प्रवाळवेडा:
फोनवर कुणीही काहीही सांगेल! मग इतकी चर्चा कशासाठी केली?

शून्य_नायट्राइट:
डोमिनो?? मोठा झाला की टँकमध्ये घातलेल्या हाताला चावतो. दोघांपैकी एकच उरेल. एकच घ्या, आणि नंतर क्लाऊन आणायचा विचारही करू नका.

खारेदाणे:
लेक दोनच म्हणतेय.