मदत हवी आहे: यॉर्कच्या बेट्टीजमध्ये आईला काय खाऊ घालू?

आई-बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे लीड्सला येतायत. एक दिवस यॉर्क, आणि बायकोचा हट्ट आहे की चहा बेट्टीजमध्येच. १९१९ साली एका स्विस माणसानं हॅरोगेटला सुरू केलेल्या टी-रूमची ही यॉर्कमधली शाखा. बेकरीही त्यांची स्वतःचीच.

बाबांचं सोपं आहे. 'फॅट रास्कल' समोर ठेवला की काम झालं. चेरीचे डोळे आणि बदामाचे दात लावलेला तो गोल बन बघूनच हसतील. प्रश्न आईचा. ती अंडंही खात नाही. मागच्या खेपेला एका पबमध्ये भाज्यांचा 'पाय' (पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) मागवला (नाव ऐकून बाबा आधी दचकलेच), अर्धा संपल्यावर कळलं की वरच्या पारीत डुकराची चरबी होती. आई दोन दिवस नुसत्या दहीभातावर.

स्कोनला (चहासोबत खातात त्या छोट्या बनसारख्या पदार्थाला) चकाकी यावी म्हणून वरून अंडं लावतात, एवढं मला माहीत आहे. तर तिथं बिनअंड्याचं खरंच काही मिळतं का? आधी फोन करून विचारलं तर नीट सांगतात? आणि शनिवारी बाहेर किती वेळ उभं राहावं लागतं? बाबांचे गुडघे दुखतात. कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.